बिल्डची रात्र

डहाणूत पावसाळ्यात लाइट गेली की आधी पंखा थांबतो, मग समुद्राची गाज ऐकू येते. माझ्या खोलीत तिसरा आवाज सुरू होतो, यूपीएसच्या बीपचा. खिडकीपासून लांब, खाऱ्या हवेपासून जपून ठेवलेलं एक सेकंडहँड वर्कस्टेशन तिथे संध्याकाळपासून एका फोनचं फर्मवेअर कंपाइल करत असतं. हा परिचय त्या यंत्राचा.

फर्मवेअर म्हणजे फोनमध्ये आधीच बसवून आलेली सगळी प्रणाली. आपल्याला दुकानात मिळतो तो तयार पदार्थ. त्याची कृती, म्हणजे अँड्रॉइडचा सोर्स कोड, गूगलने खुली ठेवली आहे. ती उतरवून घ्यायची, तिच्यात आपल्या हँडसेटपुरते भाग जोडायचे आणि घरच्या संगणकावर अख्खी रॉम, म्हणजे फोनमध्ये घालायची पूर्ण प्रणाली, तयार करायची. पोरं याला 'बिल्ड मारणं' म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारलं की मी कपाटातला रेडमी नोट ४ काढून दाखवतो. जानेवारी २०१७ मध्ये हा फोन भारतात विकायला आला. कंपनीने त्याला अँड्रॉइड ७ वर नेलं आणि तिथेच सोडलं. फोनची काच शाबूत, बॅटरी बदलता येण्यासारखी, प्रोसेसर ठणठणीत. मजुरीच्या पैशातून घेतलेली अशी वस्तू केवळ अपडेट थांबले म्हणून टाकून द्यावी, हे मला पटत नाही. या फोनचं सोर्समधलं टोपणनाव 'मिडो'. लिनिएज ओएस नावाच्या प्रकल्पात स्वयंसेवकांनी मिडोसाठी पुढच्या आवृत्त्या करणं चालू ठेवलं. लिनिएजचा पूर्वज सायनोजेनमॉड. स्टीव्ह कोंडिक यांनी सुरू केलेला. डिसेंबर २०१६ मध्ये त्यामागच्या कंपनीने आपल्या सेवा बंद केल्या, तेव्हा काम करणाऱ्यांनी तोच कोड नव्या नावाने पुढे नेला. लिनिएज म्हणजे वंश. कोड खुला होता म्हणूनच हा वंश टिकला.

आता यंत्राकडे. ताज्या अँड्रॉइडसाठी गूगल ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी जागा मागतं : २५० जीबी सोर्स ठेवायला, १५० जीबी बिल्डला. गूगलची स्वतःची यंत्रं ७२ कोअरची, आणि त्यांवर पूर्ण बिल्ड सुमारे ४० मिनिटांत उतरतं. माझं यंत्र ८ कोअरचं आहे. त्याला रात्र लागते. सुरुवातीला त्यात १६ जीबी रॅम होती आणि लिनिएजच्या जुन्या आवृत्त्या तेवढ्यात कशाबशा होत. बाकीची रॅम मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून एकेक पट्टी करत आणली. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे हे जमलं. चर्चगेट इथून १२४ किलोमीटर. लॅमिंग्टन रोडसाठी उतरायच्या ग्रँट रोडला फास्ट गाडी थांबत नाही, हे लक्षात ठेवून गाडी बदलायची आणि परत येताना पट्टी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायची.

सोर्सही पहिल्यांदा लोकलनेच आला. घरच्या नेटवर 'रेपो सिंक' लावलं होतं. ही आज्ञा शेकडो गिट भांडारं एका यादीवरून उतरवते आणि मध्येच नेट तुटलं तर उरलेल्यापासून पुढे चालू होते. तरी चौथ्या दिवशी मी हात टेकले. शहरातल्या एका मित्राने एक्स्टर्नल डिस्कवर सगळं झाड, म्हणजे अख्खा सोर्स, भरून दिलं. त्यानंतर घरच्या नेटवर फक्त रोजचे बदल ओढतो, तेवढं निभतं.

संगणकावर लिनक्स लागतंच. विंडोजवर थेट हे होत नाही आणि मॅकचा आधार गूगलने २०२१ मध्ये काढून घेतला. आज्ञांची नावं मात्र गोड आहेत. 'ब्रेकफास्ट मिडो' लिहिलं की त्या फोनचे खास भाग गोळा होतात. 'ब्रंच मिडो' लिहिलं की पूर्ण रॉम शिजायला लागते. पडद्यावर टक्के सरकत राहतात. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर रॅम संपली तर लिनक्स स्वतःच कंपायलरला मारून टाकतो आणि १३७ हा आकडा उमटतो. तेव्हा एका वेळी चालणारी कामं कमी करायची, स्वॅप, म्हणजे डिस्कवरची उसनी रॅम, वाढवायचा, पुन्हा सुरू करायचं. झालेलं काम वाया जात नाही. निंजा नावाचं अवजार काय तयार आहे ते ओळखतं आणि फक्त उरलेलं करतं. सीकॅश आधीची फळं जपून ठेवतं, म्हणून दुसरं बिल्ड पहिल्यापेक्षा लवकर होतं.

लाइटचं दुखणं मात्र रोजचं. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांसाठी. घरचा इन्व्हर्टर पंखा-दिव्याला पुरतो, पण वीज गेल्यावर तो सुरू होईपर्यंतच्या पळभरात संगणक बंद पडतो. दोन बिल्ड अशी गेल्यावर यूपीएस घेतला. हा खर्च रॅमच्या आधी करायला हवा होता, असं आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

या कामात एक जागा अशी आहे जिथे मला खरोखर राग येतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल आहे आणि त्याच्या जीपीएल परवान्यामुळे फोन विकणाऱ्याने कर्नलचा सोर्स द्यावाच लागतो. पण कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांच्या बऱ्याच फाइली बंद पेटीत येतात. आपण त्या चालत्या फोनमधून जशाच्या तशा उचलून रॉममध्ये घालतो. वाचता येत नाहीत, दुरुस्त करता येत नाहीत. वरचं अँड्रॉइड कितीही नवं केलं तरी त्या पेटीतल्या जुन्या भेगा तशाच राहतात. म्हणून मी कोणालाही संपूर्ण सुरक्षिततेचा शब्द देत नाही. रॉम घालण्यासाठी फोन सुरू करणारा बूटलोडर अनलॉक केला की काही बँकांची ॲप चालायची थांबतात, तेव्हा ज्या फोनवर घरातले पैसे येतात त्याला मी हात लावत नाही. पोरांच्या अभ्यासाला, गाण्यांना, फोटोंना ठेवलेला दुसरा फोन असेल तरच.

आणि भाषा. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. २०१४ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीत मराठी ही प्रणालीची अधिकृत भाषा झाली. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ वर आलेली इंडस ओएस मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांची. अँड्रॉइडवरच उभी, भारतीय भाषांसाठी. सोर्समध्ये मराठीचे शब्द 'व्हॅल्यूज-एमआर' नावाच्या फोल्डरांत असतात. ते पहिल्यांदा उघडले तेव्हा मी बराच वेळ नुसता वाचत बसलो होतो. फोन उघडल्यापासून दिसणारं प्रत्येक मराठी वाक्य तिथे ओळीने लिहिलेलं होतं आणि मला ते बदलता येत होतं.

डहाणू-तलासरीत घरोघरी बोलली जाणारी वारली मात्र त्या झाडात मला कुठे सापडली नाही. जगाच्या भाषा-यादीत तिला व्ही-ए-व्ही हा तीन अक्षरी कोड आहे. म्हणजे फोल्डर करता येतं, रॉमच्या भाषांच्या यादीत नाव घालता येतं. फोन सुरू होताना कंपनीच्या नावाऐवजी तारप्याभोवती फिरणारा नाच दाखवणं तर सोपं. ती चित्रांची एक झिप फाइल असते. शब्दांचं काम अवघड.

तलासरीजवळच्या उधव्याहून एक कॉलेजचा मुलगा रविवारी माझ्याकडे बिल्ड शिकायला येतो. वारली त्याच्या घरची. सेटिंगमधल्या पहिल्या पन्नास शब्दांची यादी त्याला छापून दिली आणि आजीला विचारून आण म्हटलं. तो यादी अर्धी भरून घेऊन आला. 'बंद'वर आजी अडली होती. बंद म्हणजे दार लावायचं, दिवा मालवायचा की तोंड मिटायचं, असं तिने उलट विचारलं होतं. वायफायचं यातलं काय होतं, हे त्याला तिला सांगता आलं नाही. मलाही लगेच सुचलं नाही.

ती ओळ आम्ही फाइलीत घातली नाही. भाषांतर नसलं की फोन मूळ इंग्रजी शब्द दाखवतो. सकाळी रॉम तयार झाली, मिडोवर फ्लॅश केली. पडद्यावर बाकीचे शब्द वारलीत उमटले आणि वायफायच्या बटणाशेजारी 'ऑफ' तसंच राहिलं. लाइट गेल्यावर काय म्हणतात तेही आजीला विचारतो, असं म्हणून पोरगा उधव्याची जीप पकडायला गेला.