काकांचा पक्ष

"आता आपण म्हाताऱ्यांनीच पक्ष काढायचा!" मंडळाच्या कट्ट्यावर काका असं म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. घरी येताना काका गप्पच होते. दारात चपला काढताना म्हणाले, "तुला गंमत वाटली ना?"

काका इथल्याच, इंदूरच्या, एका खाजगी कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना ईपीएस-९५चं पेन्शन मिळतं. या योजनेतलं किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरलं, त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली. रेल्वेत साठीनंतर पुरुषांना ४० टक्के आणि ५८ नंतर स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या वेळी, ती बंद झाली. पुढे गाड्या सुरळीत झाल्या, सवलत राहिली ती राहिलीच. आत्याला भेटायला वर्षातून दोनदा पुण्याला जाणारे काका-काकू आता एकदाच जातात. त्यांची तिकिटं मीच काढते, पण हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग मी जरा वाचलं. काकांची कल्पना काही जगावेगळी नाही. इस्रायलमध्ये २००६ साली पेन्शनरांच्या पक्षानं १२० पैकी ७ जागा जिंकल्या. त्यांना मत देणाऱ्यांत इतर पक्षांना कंटाळलेले तरुणही होते! पक्ष सत्तेत गेला, मग फुटला आणि २००९ मध्ये त्याची एकही जागा आली नाही. नेदरलँड्समध्येही १९९४ साली ज्येष्ठांच्या दोन पक्षांनी मिळून ७ जागा मिळवल्या. पुढच्याच निवडणुकीत हाती शून्य.

आपल्याकडे २०११च्या जनगणनेत साठीपुढचे १० कोटींहून जास्त होते. तरीही मला वाटतं, वेगळा पक्ष नको. वय सारखं म्हणून मतं सारखी नसतात. आमच्या कट्ट्यावर सहा जण बसले तर चार पक्ष निघतात! शिवाय सरकारी पेन्शन असलेल्याची आणि काहीच नसलेल्याची काळजी एक कशी असेल? आणि वेगळा पक्ष निघाला की आपण तरुण मोकळे : "त्यांचं ते बघतील."

पण काकांचा प्रश्न खरा आहे, आणि उद्या तो आपलाही होणार आहे. म्हणून मत मागायला कोणी दारात आलं, तर पेन्शनचं आणि रेल्वे सवलतीचं घरातल्या सर्वांत तरुण मतदारानं विचारावं. म्हाताऱ्यांनी विचारलं तर नमस्कार करून पुढे जातात; आपल्याला उत्तर द्यावं लागेल.

हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं, मग आमच्या पक्षाची पहिली सभासद तूच."

यावेळी मात्र आम्ही दोघंही हसलो.