चढत्या वाऱ्याला धावणाऱ्या, उतरत्या वाऱ्याला रेंगाळणाऱ्या वाट्या

हवामान केंद्रातल्या खांबावर गरगरणाऱ्या वाट्यांचा पवनवेगमापक आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेच्या टॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये तयार केला. तेव्हा वाट्या चार होत्या. आज बहुधा तीन असतात. वाटी लहान असो वा मोठी, ती वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरते, असे रॉबिन्सन मानत. ते चुकले. हे प्रमाण वाटीच्या मापावर आणि दांडीच्या लांबीवर ठरते, म्हणून उपकरण वातबोगद्यात तपासूनच घ्यावे लागते.

स्थिर वाऱ्यातली तपासणी सरळ आहे. पंखा ठरावीक वेगाने चालवायचा, पिटो नळीने वेग मोजायचा आणि वाट्यांचे फेरे त्याच्याशी ताडायचे.

पण मोकळ्यावरचा वारा असा शिस्तीत वाहत नाही. झोत आला की तो वाटीच्या खोलगट बाजूत भरतो आणि वाट्या झटकन वेग घेतात. वारा पडला की मात्र त्यांना रोखणारा जोर तेवढा नसतो. त्या आपल्याच गतीने थोडा वेळ फिरत राहतात. परिणामी सोसाट्याच्या वाऱ्यात सरासरी वेग खऱ्यापेक्षा जास्त नोंदला जातो. पवनचक्कीसाठी जागा निवडताना हे महागात पडते, कारण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते: वेगात १ टक्का चूक म्हणजे ऊर्जेत सुमारे ३ टक्के.

उपकरण किती सुस्त आहे, हे पाहण्यासाठी वाहत्या वाऱ्यात वाट्या धरून ठेवतात आणि एकदम सोडतात. अंतिम वेगाच्या ३० टक्क्यांपासून ७४ टक्क्यांपर्यंत पोचायला लागलेला वेळ मोजतात. सुरुवातीचा भाग गाळतात, कारण थांबलेल्या वाटीभोवतीचा प्रवाह फिरत्या वाटीसारखा नसतो. या वेळेला वाऱ्याच्या वेगाने गुणले की उत्तर मीटरमध्ये येते. सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात अर्धा सेकंद लागला, तर ते ३ मीटर. वारा दुप्पट झाला की वेळ निम्मा होतो, अंतर साधारण तेच राहते.

या चाचणीत वाट्या फक्त वेग घेतात, मंदावत नाहीत. म्हणजे दोषाची अर्धी बाजू झाकलेलीच राहते. त्यासाठी बोगद्यात झडपा उघडझाप करून वारा हलता ठेवतात. तुलनेला काही मायक्रॉन जाडीची तापवलेली टंगस्टनची तार असते. वारा वाढला की ती जास्त उष्णता गमावते, आणि सेकंदाला हजारो चढउतार टिपते. दोन्ही सरासऱ्यांमधला फरक हीच वाट्यांची चूक.

ध्वनिलहरींवर चालणाऱ्या मापकात फिरणारा भागच नसल्याने ही चूक उरत नाही. मात्र त्याचे स्वतःचे खांब वारा अडवतात, म्हणून त्याला बोगद्यात निरनिराळ्या कोनांत फिरवून तपासतात.