घरांतील मोठें मत्स्यालय व त्याची गाळणी

दिवाणखान्यांत एखादें मोठें मत्स्यालय असावें, ही हौस शहरांतील पुष्कळ कुटुंबांत आढळते. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर उघडलें. तेथील काचांसमोर उभें राहून ही आवड लागलेल्या मुलांची संख्या लहान नसावी. परंतु घरीं या हौसेचा शेवट बहुधा ठराविक रीतीनें होतो. पहिल्या दिवशीं पेटी भरली जाते, दुसऱ्या दिवशीं मासे येतात, आठवडाभर सर्व कांहीं ठीक चालतें. मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यांत मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात व एकामागून एक मरतात. पाणी मात्र स्फटिकासारखें स्वच्छ दिसत असतें. घरांतील मंडळींपैकीं कोणी विक्रेत्यास दोष देतें, कोणी दृष्ट लागली म्हणतें. वास्तविक मृत्यूचें कारण त्या स्वच्छ पाण्यांतच विरघळलेलें असतें. आणि तें नाहींसें करणारी गाळणी पेटींत असूनहि अद्याप कामाला लागलेली नसते.

या सर्व घोटाळ्याचें मूळ ‘गाळणी’ या नांवांतच आहे. चहाची गाळणी चोथा अडविते आणि तिचें काम तेथेंच संपतें. मत्स्यालयाची गाळणीहि उष्टें खाद्य, विष्ठा व पानांचे तुकडे अडविते; पण तें तिचें दुय्यम काम होय. जें डोळ्यांना दिसत नाहीं व कोणत्याहि जाळींतून सहज निसटतें, तें विष निरुपद्रवी करणें हें तिचें मुख्य काम. आणि तें काम यंत्र करीत नाहीं, यंत्रांत वस्ती करून राहिलेले सूक्ष्म जंतु करतात. पंप, नळ्या, स्पंज हीं सारीं त्या जंतूंच्या घराचीं साधनें. गाळणी निवडणें म्हणजे हें घर निवडणें, व गाळणी चालू करणें म्हणजे त्यांत बिऱ्हाड वसविणें, एवढें ध्यानांत घेतलें कीं पुढील सर्व नियम आपोआप उलगडतात.

मासा जें खातो त्यांतील प्रथिनांचा बराचसा नत्र अमोनियाच्या रूपानें, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यांत बाहेर टाकला जातो. अमोनिया माशास विषारी आहे, आणि पाणी जितकें क्षारधर्मी व उष्ण, तितका तो अधिक घातक. पाण्याचा पीएच ७ असतां २८ अंश उष्णतेवर त्यांतील शेंकडा एकाहूनहि कमी भाग विषारी स्वरूपांत असतो. पीएच ८ झाला कीं तोच भाग शेंकडा सहा-सातांवर जातो. एका जातीचे जंतु या अमोनियाचें नायट्राइट करतात. हेंहि विषच, तें माशाच्या रक्तांत शिरून प्राणवायु वाहून नेण्याची रक्ताची शक्ति हिरावून घेतें, आणि रक्त तपकिरी पडतें. दुसऱ्या जातीचे जंतु या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्रेट माशांस पुष्कळ अंशीं सोसतें. वनस्पति तें खत म्हणून शोषतात, व उरलेलें पाणी बदलून काढून टाकतां येतें.

हें ज्ञान कसें हातीं आलें, तो इतिहासहि मनोरंजक आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० सालीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यांत दोन लहान सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति व सडकीं पानें खाणाऱ्या गोगलगायी ठेवल्या, तर पाणी न बदलतांहि तें दीर्घकाळ चांगलें राहतें, असें त्यांनीं दाखविलें. वनस्पति प्राणवायु देते हें त्यांनीं ओळखलें होतें. जंतूंची कामगिरी मात्र तेव्हां कोणासच ठाऊक नव्हती. पुढें १८७७ सालीं श्लेझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडीनें भरलेल्या उभ्या नळींतून गटाराचें पाणी संथपणें झिरपविलें. प्रथम कित्येक दिवस कांहींच घडलें नाहीं. नंतर अमोनिया जाऊन नायट्रेट येऊं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें थांबलें, आणि ताज्या मातीचें पाणी ओततांच कांहीं काळानें पुन्हा सुरू झालें. अर्थात् काम वाळूचें नसून वाळूवर राहणाऱ्या जिवांचें होतें. ही क्रिया दोन पायऱ्यांनीं व निरनिराळ्या जंतूंकडून होते, हें दाखविणाऱ्या रोथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञाचें नांवहि रॉबर्ट वॉरिंग्टनच; तो त्या पहिल्या वॉरिंग्टनचा मुलगा. १८९० सालीं विनोग्राड्स्की यांनीं हे जंतु वेगळे करून दाखविले. २०१५ सालीं तर दोन्ही पायऱ्या एकटाच पार पाडणारा जंतु सांपडला. आणि तो जेथें आढळला त्यांपैकीं एक जागा म्हणजे मासे पोसण्याच्या टांक्यांची गाळणीच होती.

आतां प्रत्यक्ष हिशेबाकडे वळूं. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच पेटी धरली, तर तिचें आकारमान १२ घनफूट, म्हणजे सुमारें ३४० लिटर होतें. पाण्याचेंच वजन ३४० किलोग्रॅम. काच, वाळू, दगड, चौरंग व खालची टांकी मिळून तें ५०० किलोग्रॅमच्या घरांत जातें. तेव्हां जुन्या इमारतींतील लांकडी तक्तपोशीवर अशी पेटी ठेवण्यापूर्वीं जाणकाराचा सल्ला घ्यावा, व ती नेहमीं भिंतीशीं, तुळईच्या आधारानें ठेवावी. या पेटींत रोज १० ग्रॅम कोरडें खाद्य पडतें असें मानूं. त्यांत शेंकडा ४० प्रथिनें, आणि प्रथिनांत शेंकडा १६ नत्र. म्हणजे ६४० मिलिग्रॅम नत्र. त्यांतील निम्मा जरी अमोनिया होऊन बाहेर पडला, तरी प्रत्येक लिटरमागें रोज सुमारें एक मिलिग्रॅमची भर पडते. जंतु नसतील तर चार-पांच दिवसांत काय होईल हें सांगावयास नको. यावरून दिसेल कीं गाळणीचा आकार पेटीच्या लांबी-रुंदीवरून ठरवूं नये. रोज पडणाऱ्या खाद्यावरून ठरवावा. सोनमासे किंवा मोठे सिक्लिड यांसारख्या खादाड माशांना त्याच पेटींत दुप्पट गाळणी लागते.

गाळण्यांचे प्रकार अनेक आहेत. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज स्वस्त व विश्वासू; पण एवढ्या पेटीस तो एकटा अपुरा पडतो, मदतनीस म्हणून मात्र उत्तम. वाळूखालीं जाळीदार पत्रा घालून पाणी वाळूंतून ओढण्याची पद्धति जुनी आहे. तींत वाळूच गाळणी होते, परंतु गाळ खालीं सांचतो व कालांतरानें सारी पेटी उपसावी लागते. पेटीच्या कडेस अडकविण्याची पेटिका लहान मत्स्यालयास शोभते. मोठ्या मत्स्यालयासाठीं खरी निवड दोहोंतच : पंप बसविलेला बंद डबा, किंवा चौरंगाखालीं ठेवलेली दुसरी उघडी टांकी, जिला विक्रेते ‘संप’ म्हणतात.

बंद डबा आटोपशीर असतो, आवाज करीत नाहीं, व काचेस भोंक पाडावें लागत नाहीं. परंतु त्यांतील जंतूंस प्राणवायु मिळतो तो वाहत्या पाण्यांतूनच. हे जंतु प्राणवायूचे मोठे भोक्ते आहेत. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचें नायट्रेट होण्यास साडेचार ग्रॅमांहून अधिक प्राणवायु खर्ची पडतो. वीज गेली व प्रवाह थांबला कीं कांहीं तासांत डब्यांतील प्राणवायु संपतो, जंतु गुदमरतात व आंतील पाणी कुजूं लागतें. वीज परत येतांच पंप तेंच पाणी माशांच्या अंगावर सोडतो. जेथें वीज वारंवार व दीर्घकाळ जाते तेथें उघडी टांकी अधिक सुरक्षित. तिच्या पाण्यास हवा लागते, जंतूंसाठीं जागाहि पुष्कळ मिळते.

या टांकीची मांडणी अशी. वरच्या पेटीच्या कडेला एक सांडवा असतो. धरणाच्या सांडव्याप्रमाणें ठराविक पातळीवरील पाणी त्यावरून नळींत पडतें व खालीं येतें. नळीसाठीं काचेस भोंक पेटी भरण्यापूर्वीं जाणत्या कारागिराकडूनच पाडून घ्यावें. कठीण केलेल्या, म्हणजे टफन्ड, काचेस भोंक पाडतां येत नाहीं. एक नळी तुंबल्यास घर जलमय होऊं नये म्हणून थोड्या वरच्या पातळीवर दुसरी नळी राखीव असावी. खालच्या टांकींत पाणी आधीं जाड स्पंजांतून, मग तलम कापसाच्या थरांतून, व शेवटीं सच्छिद्र मातीच्या कड्यांतून जावें. हा क्रम महत्त्वाचा आहे. गाळ आधीं अडला नाहीं तर कड्यांचीं सूक्ष्म रंध्रें बुजतात, व तींच तर जंतूंचीं घरें. सक्रिय कोळसा नेहमीं ठेवण्याची गरज नाहीं. औषध किंवा पाण्याचा पिवळेपणा काढावयाचा असेल तेव्हां तो घालावा.

शेवटच्या कप्प्यांत पंप. पेटीचें सारें पाणी तासांत चार वेळां गाळणींतून फिरावें, हा व्यवहारांत मान्य असलेला अंदाज. म्हणजे येथें ताशीं सुमारें १,३०० ते १,४०० लिटर. पण पंपाच्या खोक्यावरील आंकडा पाणी मुळींच वर न चढवितांचा असतो. येथें तें साडेचार फूट चढवावयाचें आहे. तेव्हां त्या उंचीवर किती पाणी मिळतें, हें तक्त्यांत पाहूनच पंप घ्यावा. शिवाय वीज जातांच वरचें पाणी नळ्यांतून खालीं उतरतें. या पेटींत एक इंच पातळी म्हणजे १४ लिटर. दोन इंच उतरली तर २८ लिटर. तेवढी जागा, व नळ्यांतील पाण्यासाठीं आणखी थोडी, खालच्या टांकींत नेहमीं रिकामी राहिली पाहिजे. पाणी परत नेणाऱ्या नळीचें तोंड पेटींत खोल बुडवूं नये, व पाण्याच्या पातळीलगत तिला एक बारीक छिद्र ठेवावें. म्हणजे त्यांतून हवा शिरून उलटी ओढ तुटते. मासे आणण्यापूर्वीं पंप मुद्दाम बंद करून ही परीक्षा दोन-तीनदां घ्यावी. विजेच्या तारेस खालीं झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी खटक्यापर्यंत न पोंचतां झोळांतून ठिबकेल. आणि विद्युत्-गळती होतांच प्रवाह तोडणारें साधन त्या जोडणीवर अवश्य असावें.

यंत्र बसलें, तरी घर अद्याप ओसाड आहे. येथेंच घाई होते, आणि येथेंच मासे मरतात. दूध तापवून ठेवल्यानें दहीं होत नाहीं. विरजण लावावें लागतें व वेळ द्यावा लागतो. निरोगी माशांच्या जुन्या पेटींतील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर कडीं हें येथील उत्तम विरजण. मासे न घालतां पाण्यांत लिटरमागें दोन मिलिग्रॅमपर्यंत शुद्ध अमोनिया घालावा व परीक्षण-संचानें पाणी तपासत जावें. आधीं अमोनिया उतरूं लागतो, मग नायट्राइट चढतें, तेंहि उतरतें. घातलेला अमोनिया एका दिवसांत नाहींसा होऊन नायट्राइटहि शून्यावर आलें, म्हणजे गाळणी पिकली असें समजावें. विरजण नसल्यास यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर बरेंचसें पाणी बदलून मासे थोडेथोडे आणावे. कारण जंतूंची संख्या अन्नाच्या मानानेंच वाढते.

पुढील निगा थोडी पण नियमित हवी. गाळणी नळाखालीं धुणें ही स्वच्छताप्रिय घरांत हमखास होणारी चूक. नगरपालिकेच्या पाण्यांतील क्लोरीन जंतु मारण्यासाठींच घातलेलें असतें, व तें मित्र-शत्रु ओळखत नाहीं. स्पंज पेटींतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यांत हलके पिळावे, आणि एका वेळीं निम्मेच. आठवड्यास पांचवा किंवा चौथा हिस्सा पाणी बदलावें; नव्या पाण्यांतील क्लोरीन छायाचित्रकारांच्या हायपोनें, म्हणजे सोडियम थायोसल्फेटनें, आधीं मारून घ्यावें. वीज गेल्यास माशांस खाद्य देऊं नये, व बॅटरीवरील हवेच्या पंपानें बुडबुडे चालू ठेवावे. उन्हाळ्यांत हें विशेष अगत्याचें. १५ अंशांवर लिटरभर पाण्यांत सुमारें १० मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांवर साडेसातच. बंद डबा बराच वेळ थांबला असेल तर आंतील पाणी फेंकून, कडीं पेटीच्या पाण्यांत विसळून मगच तो चालू करावा.

मासा ओरडत नाहीं, व आपलें दुःख सांगूं शकत नाहीं. त्यास पोहावयास जागा देणें सोपें आहे. श्वास घेण्याजोगें पाणी देणें हेंच खरें आतिथ्य. मुलांसह रिकाम्या पेटीसमोर महिनाभर वाट पाहणारें कुटुंब वेळ फुकट घालवीत नसतें. त्या महिन्यांत रोज सायंकाळीं नळींतील पाण्याचा रंग तपासून वहींत आंकडा टिपणारें मूल, न दिसणाऱ्या जिवांच्या श्रमावर दिसणारे जीव कसे जगतात, हें आपल्या डोळ्यांनीं शिकत असतें. आणि मग आणलेले मासेहि जगतात.