मित्र बघत असले की…
उतारावर सायकलचे ब्रेक न लावणे, हँडल सोडून दोन्ही हात वर करणे, उसाच्या ट्रॉलीला धरून फुकट ओढले जाणे… असले प्रताप बहुधा बघणारे कोणी असले की रंगतात. मुलांना धोका कळत नाही, हा समज फारसा खरा नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तो मोठ्यांइतकाच कळतो. पण मजा आणि कौतुक यांची ओढ लावणारी मेंदूतील यंत्रणा या वयात जोरात असते, तर आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवायची होती. मित्र शेजारी असताना 13 ते 16 वर्षांच्या मुलामुलींनी एकट्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. चोविशीपुढच्यांत असा फरक दिसला नाही.

पण सायकलवरचा सगळाच धोका काही शौर्य दाखवण्यातून येत नाही. आयोवा विद्यापीठातील आभासी रस्त्यावर 10 आणि 12 वर्षांच्या सायकलस्वारांनी रस्ता ओलांडण्यासाठी दोन गाड्यांमधले अंतर मोठ्यांएवढेच निवडले. पॅडल मारायला मात्र ही मुले उशीर करत, त्यामुळे रस्ता ओलांडून होईपर्यंत पुढची गाडी मोठ्यांच्या तुलनेत जास्त जवळ आलेली असे.