मंजूर, रखडलेला की रद्द? नंजनगूडच्या न धावलेल्या गाडीबद्दलचे गैरसमज

म्हैसूरहून उटीला किंवा वायनाडला निघालेल्या मराठी पर्यटकांना नंजनगूड लागतं ते चहाच्या वेळेला. कुणी श्रीकंठेश्वराचं दर्शन घेतो, कुणी इथली नावाजलेली रसबाळे केळी मिळतात का म्हणून चौकशी करतो आणि गाडी पुन्हा गुंडलूपेटच्या रस्त्याला लागते. कपिला (म्हणजेच काबिनी) नदीवरच्या जुन्या पुलाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. १७३५ साली बांधलेल्या या पुलावरून पुढे बैलगाड्या, मोटारी आणि मीटरगेजची आगगाडी अशी सगळी वाहतूक शेजारीशेजारी झाली. ब्रॉडगेज आलं, रेल्वेला नवा पूल मिळाला आणि जुना पूल निवृत्त झाला. आजची गाडी नंजनगूड टाउनला थांबते, पुढे चामराजनगरला जाते आणि तिथे रूळच संपतात.

डोंगरापलीकडे, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात, असंच एक टोक आहे: निलंबूर. शोरनूरहून सागवानाच्या रांगांमधून येणारा हा ६६ किलोमीटरचा मार्ग इंग्रजांनी १९२० च्या दशकात लाकूड वाहून नेण्यासाठी टाकला. दुसऱ्या महायुद्धात त्याचे रूळ उखडून नेले आणि स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा टाकावे लागले. नंजनगूड आणि निलंबूर ही दोन टोकं वायनाडमार्गे जोडायची कल्पना जुनी आहे. कागदावर तिची लांबी २३६ किलोमीटर, खर्च हजारो कोटींचा आणि वाटेत बांदीपूरचा व्याघ्र प्रकल्प. साहजिकच ‘हे खूळ एकदाचं रद्द करा’ आणि ‘आमची रेल्वे का रद्द केली?’ असे दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकू येतात. गंमत म्हणजे दोन्ही बाजू काही चुकीच्या समजुती मिळूनमिसळून वापरतात.

पहिली समजूत अशी की अर्थसंकल्पात नाव आलं म्हणजे रेल्वे मंजूर झाली. २०१६ साली नंजनगूड–निलंबूर रेल्वेच्या योजनांच्या यादीत आली आणि वायनाडमध्ये आनंदीआनंद झाला. पण रेल्वेच्या कारभारात ‘मंजूर’ या एका शब्दाच्या पोटात चार-पाच निरनिराळ्या गोष्टी असतात. आधी सर्वेक्षण मंजूर होतं. मग अंतिम मार्ग आखणारं सर्वेक्षण, मग सविस्तर प्रकल्प अहवाल, मग खर्चाला मान्यता, मग वन आणि वन्यजीव परवानग्या, मग भूसंपादन. यातली कुठलीही एक पायरी चढली की स्थानिक पुढारी पेढे वाटतात आणि मथळा मात्र दर वेळी ‘रेल्वेला हिरवा कंदील’ असाच छापून येतो. नाव यादीत कायम आणि समोर तरतूद फक्त १,००० रुपयांची, असेही प्रकल्प रेल्वेच्या पिंक बुकात, म्हणजे कामनिहाय तरतुदींच्या यादीत, सापडतात. ती रक्कम खर्चासाठी नसते, फाइल जिवंत राहावी म्हणून असते.

कोल्हापूरकरांना हे सांगायची गरज नाही. कोल्हापूर–वैभववाडी मार्गही त्याच २०१६-१७ च्या अर्थसंकल्पातला. घाटमाथा आणि कोकण जोडणारी ती गाडी अजून भाषणांतूनच धावते.

‘रद्द झाला’ ही दुसरी समजूत पहिलीचीच सावली आहे. नंजनगूड–निलंबूर रद्द झाल्याचा अधिकृत आदेश निघालेला नाही. घडलं ते असं: केरळ सरकारने सविस्तर अहवालाचं काम दिल्ली मेट्रो महामंडळाकडे दिलं. कोकण रेल्वे उभी करणारे ई. श्रीधरन तेव्हा त्या महामंडळाचे सल्लागार होते. पुढे निधीपाशी गाडं अडलं, काम थांबलं आणि राज्याचा ओढा तलश्शेरी–म्हैसूर या दुसऱ्या मार्गाकडे वळला. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन बेंगळुरूला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना भेटले. राष्ट्रीय उद्यानांतून जाणाऱ्या या मार्गांना कर्नाटकने नकार दिला. सगळ्यांना वाटलं, संपलं. आणि २०२३ मध्ये रेल्वेने नंजनगूड–निलंबूरच्याच अंतिम सर्वेक्षणाला पुन्हा चालना दिली! याला मराठीत भिजत घोंगडं म्हणतात. सरकारी भाषेत त्यासाठी शब्द नाही, हीच खरी अडचण आहे. मंजूर आणि रद्द यांच्या मधल्या या अवस्थेत वीस-वीस वर्षं जातात आणि त्यांचा हिशेब कुणी मागत नाही.

हा हिशेब किती जड असतो ते बीडकरांना विचारावं. अहमदनगर (आता अहिल्यानगर)–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला तेव्हा अंदाज होता ३५३ कोटी रुपयांचा. तो फुगत फुगत ४,८०५ कोटींवर गेला. बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे तीस वर्षांनी. तिथे ना वाघ, ना सह्याद्रीसारखा घाट. अडचण होती ती जमिनीची, थेंबाथेंबाने येणाऱ्या निधीची आणि केंद्र-राज्याच्या निम्म्या-निम्म्या वाट्याची. म्हणूनच ‘रेल्वे केंद्राची, राज्याचा काय संबंध?’ हा प्रश्नही फसवा आहे. आता अनेक नव्या मार्गांच्या खर्चात राज्याचा वाटा असतो, जमीन राज्यच मिळवून देतं आणि राज्याचं वन्यजीव मंडळ नाही म्हणालं तर दिल्लीची फाइल हलत नाही. नंजनगूड–निलंबूरच्या बाबतीत तर राज्यं दोन आहेत. एकाला गाडी हवी, जंगल दुसऱ्याचं.

आता वाघ. ‘रात्रीची बंदी आहे म्हणून रेल्वे अडली’ असं वायनाडमध्ये सर्रास बोललं जातं. बंदी रस्त्यावर आहे. राष्ट्रीय महामार्ग ७६६ च्या बांदीपूरमधल्या भागावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहनं बंद असतात. मोजक्या बसगाड्या आणि तातडीची वाहनं तेवढी सुटतात. ही बंदी न्यायालयात टिकली, आणि २०१९ मध्ये ती दिवसाही लागू होईल या भीतीने सुल्तान बत्तेरीत मोठं उपोषण झालं. रेल्वेला हा आदेश लागू नाही. तरीही त्यामागचं कारण रेल्वेला चुकत नाही, कारण वायनाडला हवी असलेली गाडी ही मुळात रात्रीची गाडी आहे: संध्याकाळी बसायचं आणि पहाटे बेंगळुरूत उतरायचं.

‘गाडी रुळावरून सरळ जाते, तिचा प्राण्यांना काय त्रास?’ असंही काही जण विचारतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये उत्तर बंगालमधल्या चपरामारीच्या जंगलात एका गाडीखाली सात हत्ती मेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोइंबतूरजवळ तीन हत्तिणी गेल्या. त्यानंतर तिथल्या मदुक्करई भागात हत्ती रुळाजवळ आला की इशारा देणारे कॅमेरे तमिळनाडू सरकारने बसवले. म्हणजे उपाय निघतात, पण ते महाग असतात आणि सुरुवातीच्या अंदाजपत्रकात कधीच नसतात. बांदीपूरसाठी बोगद्याचा पर्याय पुढे आला तोही असाच. जंगलाखालून बोगदा काढला की वरच्या हत्तीला धक्का नाही, हे खरं. पण बोगद्याची तोंडं, खोदलेल्या दगडमातीचे ढीग आणि हवेचे झरोके कुठेतरी जमिनीवर येतातच.

बोगदा-घाटाच्या वादात न्यायालयं काय म्हणतात याचं जवळचं उदाहरण गोव्याच्या वेशीवर आहे. वास्को–होस्पेट मार्गाच्या दुपदरीकरणात कॅसलरॉक ते कुळे हा घाटातला टप्पा येतो. त्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. घाटाखाली-घाटावरच्या कामांवर गदा आली नाही, अडला तो जंगलातला तुकडा. हुबळी–अंकोला मार्गाची गोष्टही फार वेगळी नाही: १९९८ पासूनचा प्रकल्प, २०२० मध्ये राज्याच्या मंडळाची मान्यता आणि काही महिन्यांतच उच्च न्यायालयाची स्थगिती. पश्चिम घाटातली रेल्वे ‘सगळी’ होते किंवा ‘अजिबात’ होत नाही, असं नाही. तिचा एखादा तुकडा अडतो आणि उरलेला सगळा मार्ग त्या तुकड्याची वाट बघत बसतो.

सर्वात मोठा गैरसमज मात्र पैशाचा आहे: रद्द केलं की पैसे वाचले. याची चाचणी नुकतीच न्यूझीलंडने घेतली, तीही स्वतःच्या खर्चाने.

त्या देशाची उत्तर आणि दक्षिण बेटं कुकच्या सामुद्रधुनीने तुटलेली आहेत. वेलिंग्टन ते पिक्टन या मार्गावरच्या फेरीबोटी मोटारींबरोबर रेल्वेचे डबेही पोटात घेऊन जायच्या. शेवटी त्यातली रूळ बसवलेली बोट एकच उरली होती, ‘अरातेरे’. बोटी म्हाताऱ्या झाल्या म्हणून २०२१ मध्ये सरकारी किवीरेलने कोरियाच्या ह्युंदाई मिपो गोदीशी दोन मोठ्या नव्या बोटींचा ५५.१ कोटी न्यूझीलंड डॉलरचा करार केला. या डॉलरला ढोबळमानाने पन्नास रुपये धरले तर पावणेतीन हजार कोटी. बोटींची किंमत ठरलेली होती आणि ती वाढली नाही. तरी संपूर्ण प्रकल्प १४५ कोटी डॉलरवरून ३०० कोटींच्या घरात गेला. कारण? बंदरं. बोटी मोठ्या, म्हणून दोन्ही काठांवर नवे धक्के. देश भूकंपाचा, म्हणून त्या धक्क्यांना कडक निकष. ‘बोटी महाग पडल्या’ असं लोक म्हणत राहिले. प्रत्यक्षात एकूण खर्चात बोटींचा वाटा जेमतेम एक पंचमांश होता.

डिसेंबर २०२३ मध्ये नव्या सरकारच्या अर्थमंत्री निकोला विलिस यांनी जादा १४७ कोटी डॉलर द्यायला नकार दिला आणि प्रकल्प गुंडाळला गेला. हवी ती टोयोटा कोरोला, फेरारी नको, असा त्यांचा युक्तिवाद लोकांना पटण्यासारखा होता. पण करार मोडला त्याची भरपाई म्हणून गोदीला १४.४ कोटी डॉलर द्यावे लागले, आणि तोवरची सगळी कामं धरून बुडालेला आकडा ६७.१ कोटींवर गेला. आपल्या हिशेबात तीन हजार कोटींहून अधिक, हाती एकही बोट नाही. बोटींची गरज काही संपली नव्हती, म्हणून सरकारने पुन्हा दोन बोटी मागवल्या. या वेळी चिनी गोदीकडून, थोड्या आखूड, रूळ असलेल्याच, २०२९ साठी. जुने धक्के शक्य तिथे वापरायचे ठरवल्याने एकूण खर्च २०० कोटींच्या आत राहील, असं सरकार सांगतं. ते खरं ठरलं तरी बुडालेली रक्कम त्यात मिळवूनच तुलना करावी लागेल. मधल्या काळात ‘अरातेरे’ ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त झाली. आता रेल्वेचा माल एका काठावर डब्यांतून उतरवतात, ट्रेलरवर चढवून बोटीत घालतात आणि पलीकडे पुन्हा डब्यांत भरतात.

विलिस यांचा निर्णय चुकला असं यावरून ठरत नाही. ३०० कोटींचे ४०० झाले असते तर? तो प्रश्न रास्तच आहे. करार झाल्यानंतर माघार घेणं आणि करार होण्याआधी नाही म्हणणं, या दोन गोष्टींच्या किमतीत किती फरक असतो, ते मात्र त्यातून दिसतं. नंजनगूड–निलंबूर आज या फरकाच्या स्वस्त बाजूला उभा आहे. सर्वेक्षणांपलीकडे फारसं काही झालेलं नाही. जमीन घेतलेली नाही, कंत्राट दिलेलं नाही, बोगदा खणलेला नाही. या घडीला ‘नको’ म्हटलं तर जवळजवळ फुकटात म्हणता येईल, आणि ‘हवं’ म्हटलं तर पूर्ण किंमत समोर ठेवून म्हणता येईल. पहिल्या खांबाचं काँक्रीट ओतलं की दोन्ही महाग.

वायनाडच्या मागणीतला जीव यामुळे कमी होत नाही. तिथे आजही रेल्वे नाही. म्हैसूरहून केरळला रेल्वेने जायचं तर आधी उलट दिशेला बेंगळुरू, मग सेलम, मग पालक्काड असा वळसा पडतो. ओणमच्या आधी गुंडलूपेटच्या शेतांतला झेंडू ट्रकांनी घाट उतरतो तो दिवसाउजेडी बांदीपूर ओलांडूनच. दुसरीकडे वायनाडच्या डोंगरात पाऊस कोसळला की काबिनी धरणाचे दरवाजे उघडतात आणि खाली नंजनगूडला कपिलेच्या काठचा सोळा खांबांचा मंडप पाण्याखाली जातो. २०१८ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये म्हैसूर–नंजनगूड रस्ताही बंद करावा लागला होता. जुलै २०२४ मध्ये याच डोंगररांगेत मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गेली आणि चलियार नदीने मृतदेह वाहून आणले ते निलंबूरच्याच परिसरात. हे डोंगर किती खणायचे, हा प्रश्न त्यामुळे फक्त वाघांचा राहत नाही.

अंतिम सर्वेक्षणाचा अहवाल बाहेर आला की वृत्तपत्रांत एकच आकडा ठळक छापला जाईल, एकूण खर्चाचा. त्याच्या खालचे आकडे शोधावेत: बोगदा किती किलोमीटरचा, दोन्ही राज्यांचा वाटा किती, दिवसाला किती गाड्या आणि त्यातल्या रात्रीच्या किती. तोवर नंजनगूड टाउनच्या फलाटावरून गाडी चामराजनगरलाच जाईल.