घाम येतोय, पण वाळतोय का?

ऑगस्टमधली दुबईची रात्र. मोबाइलवर ३४ अंश दिसतंय. ‘दुपारी ४२ होतं, आता पळायला काय हरकत आहे,’ असं म्हणत तुम्ही बूट चढवता. जरा थांबा. हवामानाच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये आणखी एक आकडा असतो, तो आधी बघा: दवबिंदू.

तो कशासाठी? नागपूरचा कूलर आठवा. मे महिन्यात तो खोली छान गार करतो. तोच मुंबईत लावला तर नुसता चिकचिकाट वाढतो. कूलर चालतो पाण्याच्या बाष्पीभवनावर, आणि मुंबईच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. आपलं शरीरही असाच कूलर आहे. पळताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. एक लिटर घामाची वाफ झाली, तर ती सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. टपकून खाली पडलेला घाम मात्र जवळजवळ काहीच नेत नाही. पाणी आणि मीठ तेवढं वाया जातं.

आता हिशेब करू. दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १४ अंशांच्या आसपास येतो. रात्री ३४ अंश आणि ७० टक्के असेल, तर तो २८ होतो. घामेजलेली त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. दवबिंदू तिच्या जितका जवळ, तितकं घाम वाळणं अवघड. म्हणून दुपारी पळायचं असं मुळीच नाही. तेव्हा ऊन आणि तापलेली हवाच अंगात उष्णता भरतात. पण सूर्य मावळला म्हणजे धोका टळला, असंही नाही. ढोबळ नियम असा: दवबिंदू २४ च्या वर गेला की वेग आणि वेळ दोन्ही कमी करा, २७-२८ असेल, तर व्यायाम एसीतच बरा.

सुट्टीहून परतलेल्यांनी विशेष जपावं. उष्म्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात: घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ घटतं, रक्तातला द्रव वाढतो. पावसाळ्यात महिनाभर गावी राहून आलात, तर ही सवय बरीचशी मोडलेली असते. पुन्हा थोड्यापासून सुरुवात करा.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर किंवा अंगावर काटा आला, तर तिथेच थांबा, गार जागी जा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. ‘अजून घाम येतोय ना, मग उष्माघात कसा?’ असं म्हणू नका. व्यायामातल्या उष्माघातात घाम सुरूच असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, मिळेल त्या गार पाण्याने सगळं अंग भिजवा, वारा घाला. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नका.

अशा वेळी पहिली काही मिनिटंच जीव वाचवतात, म्हणून उन्हाळ्यात एकट्याने पळू नका.