खोपोलीच्या पावसात बागेची भिंत

चारी बाजूंनी दगड-विटांची भिंत, आत शिरायला एकच दरवाजा, मधोमध हौद आणि त्यातून निघणारे पाट ही बंदिस्त बागेची जुनी रचना आहे. इराणातली ही रचना मोगलांच्या काळात हिंदुस्थानभर पसरली. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा हा महाराष्ट्रातला तिचा मोठा नमुना. 1651 ते 1661 या काळात बांधलेल्या या मकबऱ्याचे आवार सुमारे 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद असून त्याला उंच तटभिंत आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यातही तटाच्या आत बागा आणि कारंजी होती. बाल पेशवे सवाई माधवराव यांच्यासाठी बांधलेले हजारी कारंजे त्यांपैकीच.

बागेला भिंत कशासाठी लागते, हे त्या त्या मुलखाची हवा ठरवते. इंग्लंडमधल्या जुन्या फळबागांत दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसभर ऊन साठवते आणि रात्री ती ऊब झाडांना देते. मराठवाड्यात भिंत उन्हाळ्याचा तापलेला वारा अडवते. खोपोलीचा प्रश्न निराळाच आहे. बोरघाटाच्या पायथ्याच्या या गावात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. डोंगरावरून उतरणारे पाणी पाताळगंगा नदीकडे धावते आणि वाटेत जे आडवे येईल त्याला रेटते. म्हणून इथल्या भिंतीचा खरा कस पाण्यात लागतो. पाण्याला वाट ठेवून बांधलेली भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. नुसती जाड आणि भक्कम बांधलेली भिंत दोन-चार पावसाळ्यांत पोट काढते.

या परिसरात दगडी कामाची परंपरा जुनी आहे. नाना फडणवीसांनी खोपोलीत महादेवाचे मंदिर आणि दगडी बांधणीचा मोठा तलाव बांधला. इथला दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. तो घट्ट, जड आणि पाणी फारसे न शोषणारा असतो. दक्षिण कोकणातल्या जांभ्याप्रमाणे तो कुऱ्हाडीने तासता येत नाही. सुतकी, छिन्नी आणि पाथरवटाचा हात यांच्याशिवाय तो वळत नाही. वीटही लांबून आणावी लागत नाही. कर्जत, खालापूर आणि पेण भागात दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात आणि तिथे राबणारी बरीच कुटुंबे कातकरी समाजातली असतात. बागेच्या देखण्या भिंतीमागे त्यांचे उन्हातले कष्ट असतात, याची आठवण बांधणाऱ्याने ठेवायला हवी.

दगड आणि वीट दोन्ही वापरायचे असतील तर दगड खाली आणि वीट वर, हाच क्रम ठेवावा. शनिवारवाड्याच्या तटातही खाली दगड आणि वर वीटकाम आहे. वीट जमिनीतली ओल वर ओढते. शिवाय पागोळ्यांचे आणि जमिनीवरून उसळणारे पाणी भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर सतत मारा करते. तिथे वीट असेल तर आधी शेवाळ धरते, मग पापुद्रे सुटतात आणि शेवटी बोटाने उकरता येईल इतकी ती मऊ होते. खोपोलीत जमिनीपासून निदान दोन-अडीच फूट काळा दगड आणि त्यावर वीट असे बांधकाम करावे.

सुरुवात मोजणीने करावी. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून करून घ्यावी आणि नगरपरिषदेची परवानगीही आधीच मिळवावी. त्याहून मोलाचे काम म्हणजे एक पावसाळा ती जागा पाहणे. पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरते, कुठे तुंबते, कुठून निघून जाते, हे जुलैत जसे कळते तसे नकाशावर कळत नाही. पाणी येते तिथे भिंतीच्या बाहेरून चर काढून ते वळवावे आणि जाते तिथे भिंतीत मोरी ठेवावी. ही मोरी नंतर फोडून काढायची म्हटले की भिंतीचा बांध कमकुवत होतो.

पाया भातखाचराच्या मऊ मातीवर कधीही टाकू नये. कठीण मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणावे. पायाची रुंदी भिंतीच्या जाडीच्या साधारण दुप्पट धरतात. सहा-सात फूट उंचीच्या भिंतीला दगडी भाग तळाशी दीड ते दोन फूट जाड लागतो. तो वर निमुळता होत गेला तर अधिक चांगले.

दगड लावताना गवंडी प्रत्येक दगड आधी हातात फिरवून पाहतो. त्याची रुंद, सपाट बाजू खाली जाते, देखणी बाजू बाहेर येते आणि निमुळते शेपूट भिंतीच्या पोटात शिरते. दगड ठेवल्यावर तो दोन्ही हातांनी हलवून बघतात. डुगडुगला तर उचलून पुन्हा बसवायचा. नुसती चिप ठोकून तो गप्प करणे हे काम चुकवणे आहे. खालच्या दोन दगडांचा सांधा वरच्या दगडाच्या पोटाखाली यायला हवा. उभे सांधे एकावर एक आले की तिथूनच भिंत उकलते. दर चार-पाच फुटांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार घालतात. तो दोन्ही तोंडे एकत्र बांधून धरतो. घाईच्या कामात नेमका हाच दगड गाळला जातो, मग दोन तोंडांमध्ये माती आणि चुरा भरला जातो आणि पावसाचे पाणी शिरल्यावर भिंत मधून फुगते.

उतारावर एका बाजूची माती उंच असेल तर भिंत ती माती तोलून धरते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो असते. हे पाणी भिंतीमागे साठले तर ओल्या मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिळतो आणि त्यापुढे जाडजूड भिंतही झुकते. त्यासाठी दगडी भागात दर पाच-सहा फुटांवर निचऱ्याची भोके ठेवावीत, त्यांना बाहेरच्या बाजूकडे किंचित उतार द्यावा आणि मागे मातीऐवजी फूटभर जाडीची खडी भरावी. कमी उंचीच्या टप्प्यांसाठी तर चुन्या-सिमेंटशिवाय रचलेला साधा गडगाच सर्वांत बरा. त्याच्या प्रत्येक फटीतून पाणी निघून जाते.

वीट पारखायला फारसे काही लागत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा आणि नखाने ओरखडा उठू नये. लावण्यापूर्वी त्या पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवाव्यात, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातले पाणी पिऊन टाकते आणि सांधा ठिसूळ होतो. नऊ इंची विटांच्या भिंतीला दर आठ-दहा फुटांवर खांब द्यावा. ओळंबा आणि दोरी प्रत्येक थराला लावावी.

मसाल्यासाठी जुन्या कामात चुना वापरत. कळीचा चुना पाण्यात विरवला की तो उकळल्यासारखा खदखदतो. तो काही दिवस मुरवून वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, यांच्यासह घाणीत मळतात. जुने कारागीर त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो आणि सुरखीमुळे तो ओलीतही धरतो. मऊ विटेला चुन्याचाच मसाला मानवतो. कडक सिमेंटने दरजा बंद केल्या की ओल विटेतून बाहेर पडू पाहते आणि सांध्याऐवजी वीटच झिजते. आज चुन्याच्या कामाचे गवंडी सहज मिळत नाहीत. सिमेंट वापरावेच लागले तर एका भागाला सहा भाग वाळू, यापेक्षा कडक मसाला करू नये.

चुन्याला सुकायला वेळ लागतो, म्हणून कामाचे वेळापत्रक ऋतूवरून ठरते. दिवाळी उलटली की पाया घ्यावा. तेव्हा विहिरींना पाणी असते. नव्या भट्टीची वीट आली की वरचे काम धरावे आणि अक्षय्यतृतीयेच्या सुमारास आटोपावे. मृगाआधी महिनाभर तरी भिंत कोरडी मिळायला हवी.

भिंतीचा माथा उघडा ठेवणे ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक. वर दोन्ही बाजूंना उतार असलेली फरशी बसवावी, ती भिंतीबाहेर दोन इंच यावी आणि तिच्या खालच्या कडेला बोटभर खाच असावी. त्या खाचेपाशी थेंब अडतो आणि भिंतीवर न ओघळता खाली पडतो.

आतल्या लागवडीतही भिंतीचा विचार लागतो. पश्चिमेकडे तोंड असलेला काळा दगड एप्रिल-मेमध्ये तापतो, त्यामुळे त्याच्या पायाशी दोन फूट जागा मोकळी ठेवावी. जाई, जुई, मधुमालती थेट भिंतीवर न चढवता थोड्या अंतरावर मांडव करून त्यावर सोडाव्यात. त्याने मागून हवा खेळते. जास्वंद, तगर, अनंत जवळ चालतात. आंबा आणि फणस पंधरा-वीस फूट दूर हवेत. पिंपळ-उंबर लावायचे नाहीतच, तरी पक्ष्यांच्या विष्ठेतून त्यांचे बी सांध्यात रुजते आणि मुळे दगड उचकटतात. बोटभर असतानाच रोप मुळासकट उपटावे. वर कापून भागत नाही.

पहिला पाऊस येण्याआधी दरवर्षी निचऱ्याची भोके सळईने मोकळी करावीत, मोरी साफ करावी, सुटलेल्या दरजा भराव्यात आणि माथ्याची हललेली फरशी बसवून घ्यावी. बागकाम करणाऱ्या घराने मे महिन्यातले हे दोन दिवस चुकवू नयेत.